एवढ्याशा धमनीत स्टेंट का नको?

प्रश्न: माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. जन्मला तेव्हा त्याच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली होती. आठव्या दिवशी ऑपरेशन झालं आणि ते चांगलं झालं. तेव्हापासून तो नीट वाढतोय, दिवसभर पळतो, कधी दमल्यासारखा दिसला नाही. गेल्या महिन्यात नेहमीच्या तपासणीत सीटी अँजिओग्राफी केली, तेव्हा डॉक्टर म्हणाले की हृदयाला रक्त पुरवणारी डावी धमनी उगमापाशी बरीच अरुंद झाली आहे. आता एक एमआरआय करायचा आणि मग बहुधा पुन्हा छाती उघडून शस्त्रक्रिया. माझ्या सासऱ्यांनाही अडथळा निघाला होता. त्यांना मनगटातून स्टेंट बसवला आणि तिसऱ्या दिवशी ते घरी आले. मग एवढ्याशा जिवाची कापाकापी कशाला, असं घरात सगळे विचारतात. नणंद म्हणते, पोरगा ठणठणीत आहे, मोठा होऊ दे, मग बघू. पहिल्या ऑपरेशनच्या कागदावर सही मी केली होती. त्यात काही राहून गेलं का? गरोदरपणात माझं काही चुकलं का? आणि तोवर त्याला पळू द्यायचं की नाही, रडू द्यायचं की नाही, काही कळत नाही.
— एक आई

उत्तर:

प्रिय ताई,

घरच्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. तुमच्या सासऱ्यांना जो आजार होता, तो तुमच्या मुलाला नाही. दोघांच्याही रिपोर्टवर ‘कोरोनरी धमनी अरुंद’ हेच शब्द असले, तरी आत घडलेलं वेगळं आहे. म्हणून उपायही वेगळा आहे.

मोठ्या माणसाच्या धमनीत वर्षानुवर्षं चरबी, चुना आणि पेशींचा थर साचतो. फुग्याने तो थर बाजूला दाबायचा आणि स्टेंटची जाळी आधाराला ठेवायची, ही युक्ती त्याच आजारासाठी निघाली. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी 1977 मध्ये झुरिकमध्ये पहिल्यांदा जागेपणी असलेल्या माणसाच्या कोरोनरी धमनीत फुगा फुगवला, तेव्हा समोर प्रौढ रुग्ण होता. त्यानंतर आलेल्या तारा, फुगे, जाळ्या सगळ्या प्रौढांच्या मापाने बनत गेल्या. तुमच्या मुलाच्या धमनीत असा कुठलाही थर नाही. त्यामुळे चरबी कमी करण्याच्या गोळ्या किंवा खाण्यातली पथ्यं यांचा इथे उपयोग नाही. कुणी तसं सुचवलं तर तिकडे वेळ घालवू नका.

मग झालं काय? जन्मतः महाधमनी उजव्या कप्प्यातून आणि फुप्फुसाकडे जाणारी धमनी डाव्या कप्प्यातून निघत होती. आठव्या दिवशी सर्जननी दोन्ही कापून जागा बदलल्या. पण हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या कोरोनरी धमन्या महाधमनीच्या बुंध्यातून फुटतात. त्यामुळे त्यांची मुळंही, भोवतीच्या भिंतीच्या छोट्याशा गोल तुकड्यासह, उचलून नव्या जागी शिवावी लागतात. या शस्त्रक्रियेचा सगळ्यात नाजूक भाग हाच. ब्राझीलच्या आदिब जातेने यांनी 1975 मध्ये ती पहिल्यांदा यशस्वी केली, त्याआधी अनेक सर्जन याच टप्प्यावर अडले होते. नवजात बाळाची ही धमनी जेमतेम मिलिमीटरभर रुंद असते. भिंग लावून, केसाहून बारीक धाग्याने ती शिवतात. मूल वाढतं तशा मोठ्या वाहिन्या रुंदावतात, वळतात, आणि शिवलेलं मूळ कधी ताणलं जातं, कधी मुरडतं, कधी शेजारच्या वाहिनीखाली दबतं. कधी शिवणीच्या जागी आतलं अस्तर जाड होतं. ही गुंतागुंत बहुतेक पाहण्यांमध्ये शंभरांत दहापेक्षा कमी मुलांना होते, आणि उत्तम हातांनी केलेल्या ऑपरेशननंतरही होते. धमन्या जन्मतःच वेगळ्या रचनेच्या असतील, दोन्ही एकाच मुळातून निघत असतील किंवा एखादी महाधमनीच्या भिंतीतूनच काही अंतर जात असेल, तर शक्यता वाढते. तुमच्या मुलाची रचना कशी होती हे पहिल्या ऑपरेशनच्या नोंदीत लिहिलेलं असतं. ती नोंद मागून घ्या. आताच्या सर्जनला ती लागणारच आहे.

तुमच्या सहीत काही राहून गेलं नाही. ते ऑपरेशन झालं नसतं तर या आजारात बहुतेक बाळं वर्षभरसुद्धा जगत नाहीत. तुम्ही सही केलीत म्हणून आज तो पळतोय. आणि गरोदरपणाचं म्हणाल, तर महिलेला आधीपासून मधुमेह असेल तर ही अदलाबदल होण्याचा धोका वाढतो, एवढं ठाऊक आहे. तो नसेल, तर तुम्ही काय खाल्लंत, किती काम केलंत, कुठे प्रवास केलात, यातल्या कशावरही बोट ठेवता येत नाही. पुढे दुसऱ्या बाळाचा विचार कराल तेव्हा हीच गोष्ट पुन्हा होण्याची शक्यता कमी असते, शंभरांत एक-दोनच्या आसपास किंवा त्याहूनही थोडी. अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान पोटातल्या बाळाच्या हृदयाचा इको मात्र जरूर करून घ्या.

आता स्टेंट. तो धातूचा असतो आणि ज्या मापाचा बसवला त्याच मापाचा राहतो. अडीच वर्षांच्या मुलाची डावी मुख्य धमनी साधारण दोन-अडीच मिलिमीटर रुंद असते. मोठेपणी तिला चार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त व्हायचं असतं. तान्ह्या मनगटात घट्ट बसवलेला वाळा हात वाढल्यावर जे करेल, तेच हा स्टेंट धमनीला करतो. आज अडथळा सुटतो, आणि चार-सहा वर्षांनी स्टेंटच अडथळा होतो. लहान मापाचा स्टेंट पुढे फुग्याने थोडा ताणता येतो, पण त्याला मर्यादा आहे. काही जाळ्या ताणल्यावर तुटतात.

एवढ्यावरच संपत नाही. लहान जाळीत आतून नवं अस्तर वाढलं, तर दोन मिलिमीटरच्या नळीत ते फार लवकर जाणवतं. प्रौढाच्या रुंद धमनीत अर्ध्या मिलिमीटरचा थर खपून जातो, इथे तो निम्मी वाट अडवतो. गुठळी होऊ नये म्हणून दोन-दोन औषधं नियमाने द्यावी लागतात, आणि पडणाऱ्या-आपटणाऱ्या वयाच्या मुलाला ती सांभाळणं कठीण. तार घालायला मांडीतली धमनी वापरावी लागते आणि तीही इतकी लहान असते की तिथेच गुठळी होऊन पायाचा रक्तपुरवठा अडू शकतो. शिवाय अरुंदपणा अगदी उगमाशी आहे. स्टेंटचं टोक महाधमनीत डोकावत ठेवावं लागेल, आणि पुढे सर्जनला तिथे काम करायची वेळ आली की तेच आडवं येईल. धमनी बाहेरून दोन मोठ्या वाहिन्यांच्या मध्ये दबत असेल, तर जाळीसुद्धा चेपली जाऊ शकते.

लहान मुलांत स्टेंट कधीच घालत नाहीत, असं मात्र नाही. ऑपरेशननंतर काही तासांत धमनी मुरडली, हृदय बंद पडायला आलं, बाळ हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या यंत्रावर आहे, अशा वेळी स्टेंट जीव वाचवतो. शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचायला पूल म्हणूनही तो वापरला जातो. शाळकरी वयाच्या पुढच्या, धमनी पुरेशी मोठी झालेल्या मुलांत तर तो चांगला पर्याय ठरू शकतो. काही ठिकाणी नुसता फुगा फुगवून पाहतात. कधी उपयोग होतो, पण मुरडलेली किंवा ताणलेली धमनी बऱ्याचदा पुन्हा पहिल्यासारखी होते. काही काळाने विरघळून जाणारे स्टेंट लहान मुलांसाठी फार आशेचे वाटतात, पण आज तुमच्या मुलाचा निर्णय त्यांच्यावर टाकावा, अशी स्थिती नाही.

माझं मत स्पष्ट आहे. अडीच वर्षांच्या मुलात, घाईची वेळ नसताना, ‘छातीवर व्रण राहणार नाही’ किंवा ‘तिसऱ्या दिवशी घरी’ ही उपाय निवडण्याची कारणं होऊ शकत नाहीत. या मुलाला या धमनीवर सत्तर-ऐंशी वर्षं काढायची आहेत. जो उपाय त्याच्याबरोबर वाढेल, तो आधी बघायचा.

असे उपाय दोन आहेत. पहिला, धमनीचं तोंडच रुंद करणं. महाधमनी उघडून सर्जन अरुंद मुखातून धमनीच्या सुरुवातीच्या भागापर्यंत उभा छेद घेतात आणि तिथे ठिगळ शिवून वाट मोठी करतात. ठिगळ बऱ्याचदा मुलाच्याच हृदयावरच्या आवरणाचं असतं, कधी पायातल्या शिरेचं. याचा मोठा फायदा असा की रक्त निसर्गाने आखलेल्या वाटेनेच पुढे जातं, आणि धमनीचा मूळ काठ तिच्याबरोबर वाढत राहतो. बायपासची वाटही पुढच्यासाठी शिल्लक राहते. अरुंद भाग आखूड आणि उगमाशी असेल, तर मी सर्जनना पहिला प्रश्न याच शस्त्रक्रियेबद्दल विचारेन. ठिगळाची जागा पुन्हा आवळली जाऊ शकते, म्हणून नंतर वर्षानुवर्षं तपासण्या कराव्या लागतात, हेही आधीच समजून घ्या.

दुसरा उपाय बायपास. इथे मोठ्या माणसांत आणि लहान मुलांत एक महत्त्वाचा फरक आहे, तो घरी सगळ्यांना सांगा. मोठ्यांमध्ये पायातली शीर काढून सर्रास जोडतात. लहान मुलांत ती शीर वाढीला साथ देत नाही आणि लवकर खराब होते. म्हणून छातीच्या हाडामागून जाणारी, तिथेच रुजलेली छोटी धमनी खाली वळवून कोरोनरी धमनीला जोडतात. ही धमनी जिवंत राहते आणि मुलाबरोबर लांबीलाही वाढते, रुंदीलाही. जपानमध्ये सोइचिरो कितामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धमन्यांना सूज आणणाऱ्या कावासाकी आजाराच्या मुलांमध्ये हे वर्षानुवर्षं पाहून दाखवलं आहे. अर्थात दीड-दोन मिलिमीटरच्या दोन नळ्या एकमेकींना जोडण्याचं हे काम आहे, आणि ते रोज करणारे हात थोडे असतात.

बायपासची आणखी एक अट आहे, तिचा तुमच्या एमआरआयशी थेट संबंध आहे. मूळ धमनीतून पुरेसं रक्त जात असताना बायपास जोडला, तर नव्या वाटेने रक्त फारसं वळत नाही आणि ती हळूहळू आकसून दोऱ्यासारखी होते. मग गरज खरोखर येते तेव्हा हातात काही उरत नाही. म्हणून धमनी किती अरुंद दिसते एवढं पुरत नाही. तिच्यामुळे स्नायूला रक्त कमी पडतंय का, हे कळायला हवं. सीटी पहिलं सांगते. औषधाने हृदयावर ताण आणून केलेला एमआरआय दुसरं सांगतो, आणि स्नायूवर आधीच व्रण पडलाय का, तेही दाखवतो. अडीच वर्षांचं मूल पट्ट्यावर धावून तपासणी देऊ शकत नाही, म्हणून ही वाट. तुमच्या डॉक्टरांनी एमआरआय मागितला, ते योग्यच केलं. काही वेळा त्याच्या जोडीला तार घालून केलेली अँजिओग्राफी लागते. ती तपासणी म्हणून असते, तिथेच स्टेंट घालण्यासाठी नाही.

आता नणंदेचं म्हणणं. ‘पोरगा ठणठणीत आहे’ हे डोळ्यांना खरं दिसतं, पण या शस्त्रक्रियेनंतर त्यावर विसंबता येत नाही. मोठ्या वाहिन्या कापताना हृदयाकडे जाणारे बारीक मज्जातंतूही कापले जातात, त्यामुळे छातीत दुखणं, ही नेहमीची धोक्याची खूण अशा मुलांना जाणवेलच असं नाही. शिवाय लहान मुलांच्या हृदयात आडवाटेच्या बारीक रक्तवाहिन्या भराभर तयार होतात. एक धमनी जवळपास बंद असूनही मूल खेळताना दिसतं. शांत पडलेलं असताना काढलेला ईसीजी, साधा इको, दोन्ही ठीक येऊ शकतात. तुमच्या डॉक्टरांनी काही लक्षण नसताना सीटी करून घेतली, म्हणून हे आज कळलं. कुणाला ते उगाच केलेलं वाटेल, पण माझ्या मते याच सावधपणामुळे तुम्हाला वेळ मिळाला आहे.

‘मोठा होऊ दे’ या म्हणण्यात तथ्य एकाच परिस्थितीत आहे. अरुंदपणा मध्यम असेल, ताण दिलेल्या एमआरआयमध्ये रक्तपुरवठा पुरेसा दिसला, स्नायू निरोगी असेल, तर ठरावीक अंतराने तपासत थांबणं हा पूर्ण विचाराने घेतलेला निर्णय असू शकतो. वाट बघताना धमनी मोठी होते, शिवणं सोपं जातं. पण रक्त कमी पडतंय असं दिसलं तर थांबण्याने स्नायूचं कायमचं नुकसान होतं, आणि अचानक हृदयाची लय बिघडण्याचा धोका डोक्यावर राहतो. डाव्या मुख्य धमनीवर हृदयाच्या डाव्या कप्प्याचा बहुतेक भाग अवलंबून असतो. म्हणून तिथला अरुंदपणा मोठा असेल तर डॉक्टर उजव्या धमनीच्या मानाने लवकर हात घालतात.

आता तोवर काय. डॉक्टरांकडून स्पष्ट शब्दांत विचारून घ्या: कितपत खेळ चालेल? एमआरआय होईपर्यंत मी त्याला घरात-अंगणात आपल्या मर्जीने खेळू देईन. शर्यत लावणं, दमेपर्यंत पळवणं, चढावर धाववणं टाळेन. रडण्याचं मात्र ओझं घेऊ नका. अडीच वर्षांचं मूल रडणारच, आणि ते रडू नये म्हणून त्याची प्रत्येक गोष्ट मान्य करत बसलात तर तुम्ही दोघंही थकाल. खेळताना मध्येच बसून राहणं, ओठांभोवती फिकटपणा, थंड घाम, पळाल्यावर पोटात दुखतं म्हणणं आणि चेहरा पांढरा पडणं, धाप लागणं, या गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. भोवळ येऊन पडला तर फोनवर विचारत बसू नका, तातडीची मदत बोलवा. घरातल्या दोघांनी तरी लहान मुलाला छातीदाब देण्याचं प्रशिक्षण घ्यावं. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, हे वाचून डोक्यात राहतं, पण पुतळ्यावर केल्याशिवाय हाताला येत नाही. ही भीती घालण्यासाठी सांगत नाही. अशा मुलाच्या प्रत्येक घरात हे यावं, असं मला मनापासून वाटतं.

त्याला अ‍ॅस्पिरिन सुरू केली असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. ताप आला तर पॅरासिटामॉल चालतं, आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय देऊ नका, ते अ‍ॅस्पिरिनचा परिणाम कमी करतं. फ्लू किंवा कांजिण्या झाल्या, किंवा कांजिण्या झालेल्या मुलाच्या संपर्कात आला, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या मुलांना या आजारांत मेंदू आणि यकृतावर परिणाम करणारा दुर्मिळ पण गंभीर त्रास होऊ शकतो. फ्लूची लस यासाठीच महत्त्वाची, आणि ती इंजेक्शनची.

आणखी एक गोष्ट, जी घाईत राहून जाते. अशा मुलाला भूल देणं हेच जोखमीचं काम आहे. भुलीने रक्तदाब खाली आला की अरुंद धमनीतून जाणारं रक्त आणखी कमी होतं. म्हणून एमआरआयची भूलसुद्धा लहान मुलांच्या हृदयविकारात रोज काम करणाऱ्या भूलतज्ज्ञांकडूनच हवी, आणि तीही जिथे वेळ पडली तर हृदयाला यंत्राचा आधार देता येईल अशाच ठिकाणी. दिवसातली पहिली वेळ मागा, म्हणजे मूल फार वेळ उपाशीतहानेलं राहत नाही. किती वेळ आधीपर्यंत पाणी चालेल, हे त्यांनाच विचारा. दात काढायचा असला, हर्निया निघाला, तरी हृदयाच्या डॉक्टरांना आधी कळवल्याशिवाय कुठेही भूल घेऊ नका.

दुसरं मत घ्यावं का? घ्या, आणि घेताना संकोच करू नका. पण रिपोर्टचा कागद पाठवून उपयोग नाही, सीटीची मूळ चित्रं असलेली सीडी पाठवा. ज्यांना विचाराल त्यांना हे विचारा की एवढ्या लहान मुलांच्या कोरोनरी धमन्यांवर त्यांचे सर्जन वर्षात किती वेळा काम करतात, ठिगळ लावायचं की बायपास हे कशावरून ठरवतील, आणि शस्त्रक्रियेनंतर हृदय लगेच नीट चाललं नाही तर काय तयारी आहे. चांगला सर्जन या प्रश्नांनी दुखावत नाही. शिवाय दुसऱ्यांदा छाती उघडणं पहिल्यापेक्षा अवघड असतं. आतले भाग हाडाला चिकटलेले असतात, आणि या शस्त्रक्रियेत फुप्फुसाकडे जाणारी धमनी बहुतेक वेळा पुढे, हाडाच्या अगदी मागे आणलेली असते. ते कसं सांभाळणार, हेही विचारा. जवळचं केंद्र निवडायचं की दूरचं, या प्रश्नात मी अनुभवाच्या बाजूने आहे.

हे उत्तर वाचणाऱ्या इतर आईवडिलांसाठी थोडं विषयांतर. लहान मुलांत कोरोनरी धमनी अरुंद होण्याचं हे एकच कारण नाही, आणि कारण बदललं की उपायाचा क्रम बदलतो. जपानी बालरोगतज्ज्ञ तोमिसाकु कावासाकी यांनी 1967 मध्ये ज्याचं वर्णन केलं, त्या आजारात पाच दिवस किंवा त्याहून अधिक ताप, घाण न येता लाल झालेले डोळे, फुटलेले लाल ओठ, अंगावर पुरळ, सुजलेले हातपाय अशी लक्षणं असतात. उपचार न झाल्यास साधारण चारातल्या एका मुलाच्या कोरोनरी धमन्यांवर परिणाम होतो. पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन हे प्रतिपिंडांचं औषध दिलं तर हे प्रमाण शंभरांत पाचच्या आसपास येतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत लक्षणं अर्धवट असतात आणि धोका सगळ्यात जास्त, म्हणून तान्ह्या बाळाचा न उतरणारा ताप ‘विषाणूचा असेल’ म्हणून सोडून देऊ नये. या आजारात धमनी आधी फुगते आणि अरुंदपणा काही वर्षांनी, त्या फुगवट्याच्या टोकांशी येतो. तिथे चुना साचून भिंत कडक होते, फार जोर लावून फुगा फुगवला तर नवा फुगवटा येऊ शकतो. त्यामुळे तिथेही छातीतल्या धमनीचा बायपास महत्त्वाचा ठरतो.

तान्हं बाळ दूध पिताना मध्येच कळवळून रडतं, पांढरं पडतं, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, तर प्रत्येक वेळी ते पोटदुखीच असतं असं समजू नका. डावी कोरोनरी धमनी चुकून फुप्फुसाच्या धमनीतून निघालेली असेल, तर पहिल्या काही आठवड्यांत असंच दिसतं. ती धमनी योग्य जागी लावली की अगदी मंदावलेलं हृदयसुद्धा महिन्यांत सावरतं. विल्यम्स सिंड्रोम हा जन्मजात जनुकीय आजार असलेल्या मुलांत महाधमनीची जाड भिंतच कोरोनरीचं तोंड झाकते. भुलीची जोखीम त्यांना सगळ्यात जास्त, म्हणून वरचा भुलीचा भाग त्यांच्या पालकांनी दोनदा वाचावा. आणि आईवडील दोघांकडून कोलेस्टेरॉलचं सदोष जनुक मिळालेली थोडी मुलं असतात, ज्यांच्या कोपर-गुडघ्यांवर लहानपणीच पिवळट गाठी दिसतात. एवढ्याच मुलांत आजार मोठ्यांसारखा चरबीचा असतो, आणि उपचार आधी रक्तातल्या चरबीवर होतो.

ताई, तुमच्याकडे परत येते. एमआरआयचा निकाल आला की डॉक्टरांना विचारा: रक्त कमी पडतंय का, स्नायूवर व्रण आहे का, अरुंद भाग किती लांब आहे, आणि धमनी आतून अरुंद आहे की बाहेरून दबतेय? या चार उत्तरांवर पुढचं सगळं ठरेल. सासऱ्यांना त्या भेटीला बरोबर न्यायला हरकत नाही. ज्याने स्वतः स्टेंट घेतला आहे त्याला चित्रावर फरक दाखवला, तर घरात तुमच्या बाजूने बोलणारं एक माणूस वाढेल.

शस्त्रक्रिया ठरली, तर त्याला एक-दोन दिवस आधी साध्या शब्दांत सांगा. या वयाला आठवडाभर आधी सांगून उपयोग नसतो आणि अजिबात न सांगता नेलं तर तो तुमच्यावर रागावेल. आवडतं पांघरूण किंवा खेळणं आत नेता येतं का, विचारा. अतिदक्षता विभागात त्याच्या अंगाला नळ्या असतील, चेहरा सुजलेला दिसेल, तोंडात श्वासाची नळी असल्यामुळे तो रडला तरी आवाज येणार नाही. हे आधी ठाऊक असलं की पाय लटपटत नाहीत. बहुतेक मुलं आठवडा-दोन आठवड्यांत घरी येतात. छातीचं हाड जुळायला सुमारे सहा आठवडे लागतात. तोवर त्याला बगलेत हात घालून किंवा हात धरून उचलू नका. एक हात पाठीखाली, एक ढुंगणाखाली घालून उचला, आणि घरातल्या सगळ्यांना तसं उचलायला शिकवा.